सेन्सरवर ओतलेलं गंगाजल

गॅरेजात मेकॅनिक इंजिनचा क्रँक सेन्सर गरम हवेने तपासत होता. "भिया, गरम होते ही मर जाता है ये." तापल्या प्लास्टिकचा वास आला आणि मी मनाने त्या दिवशीच्या कन्नौदच्या रस्त्यावर पोचलो.

भर उन्हात तोच सेन्सर तापून गाडी बंद पडली होती. मागच्या सीटवर बाबांचा श्वास अडकत होता, देवासचं हॉस्पिटल लांब होतं. सेन्सर गार केल्याशिवाय गाडी हलणार नव्हती, आणि पाणी संपलेलं.

आईने पिशवीतून गंगाजलाचा गडू काढला. देवघरातला, शेवटच्या घोटासाठी जपलेला.

"ओत ह्याच्यावर."

"अगं, ते बाबांसाठी आहे!"

"ह्यांना ते आज लागणार नाही."

तेव्हा मला ती निर्दय वाटली. आज कळतं, ती माझ्याशी नाही, यमाशी बोलत होती.