खाली कोण हाय?

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. दर अमावस्येला दारावर लिंबू-मिरची टांगायला येणाऱ्या माणसाशी मी भांडून चुकलेय. माझं काम कॉम्प्युटरचं. तिथे काही विचित्र दिसलं की आम्ही त्याला बग म्हणतो, आणि बगला कारण असतंच. ते सापडेपर्यंत चिडचिड होते, एवढंच. मागच्या मार्चपासून माझी ती चिडचिड थांबलेली नाही... म्हणून लिहायला बसलेय.

मी नांदेडला राहते आणि घरातल्याच मागच्या खोलीत काम करते. पाणीपुरवठ्याच्या एका ठेकेदारासाठी मी एक टर्मिनल क्लायंट लिहिलाय. सोपं करून सांगते. माझ्या टेबलावर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात मी टाइप करते आणि उमरीजवळच्या पंपघरातला कॉम्प्युटर ते ऐकतो. पंप चालू, पंप बंद, सगळं इथून. त्यातले बग काढणं आणि सोयी वाढवणं, ही गेली चार वर्षं माझी भाकरी.

त्या पंपघरात मुजीबचाचा ऑपरेटर होते. साठीचा माणूस, टायपिंग एका बोटाने, आणि अंगठा इतका जड की प्रत्येक शब्दानंतर स्पेस दोनदा पडायची. त्यांनी एक नियम घालून दिला होता. पंप सुरू करायचा हुकूम मी टाइप करायचा, पण एंटर दाबायचं नाही. मग ते खालच्या ओळीत लिहायचे, "# खाली  कोण  हाय". पुढे # असलं की ती ओळ कॉम्प्युटर हुकूम समजत नाही, नुसती दिसते. एवढं लिहून ते स्वतःच उठायचे, बाहेर जाऊन, पंप ज्यातून पाणी ओढतो त्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचे, परत येऊन लिहायचे, "# कुणी  न्हाई". त्यानंतर माझं एंटर.

यात सहा-सात मिनिटं जायची. एकदा मी फोनवर वैतागले, "चाचा, रोज रोज खाली कोण असणार आहे हो?"

"नसंलच बाई," ते म्हणाले. "पर मी बघून येतो तवर बोट उचलून धरा. बोटाला काय लई वजन हाय का?"

मागच्या दिवाळीनंतर चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगी शबाना त्यांना लातूरला आपल्या घरी घेऊन गेली. ठेकेदाराने नवा ऑपरेटर नेमलाच नाही. "सगळं नांदेडहून होतंय की," म्हणाला. पंपघराला कुलूप लागलं, तिथला कीबोर्ड काढून कपाटात ठेवला गेला. आणि मार्चमध्ये मी शहाणपणा केला. पूर्वी एकाच खिडकीत दोन्हीकडून टाइप करता यायचं, तो भाग मी क्लायंटमधून काढूनच टाकला. तिकडे कुणी बसतच नाही, मग उगाच ओझं कशाला? चाचांच्या प्रश्नाची जागा मी स्वतःच्या हाताने पुसली, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

त्याच महिन्यात एका मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी एका बगच्या मागे होते. नेट तुटून पुन्हा जुळलं की क्लायंट कधीकधी चुकीच्या मशीनला जाऊन चिकटायचा. तपासायला मी उमरीच्या मशीनची एक नक्कल टेबलाखाली ठेवली होती. तिला ना पंप जोडलेला, ना कीबोर्ड. मी नेट तोडलं, जोडलं. खिडकीच्या माथ्यावर "टेस्ट" लिहिलेलं दिसत होतं. म्हणून बिनधास्त पंप सुरू करायचा हुकूम टाइप केला.

एंटरवर बोट ठेवणार, तेवढ्यात खालच्या ओळीत # उमटलं.

मग ख. मग आ. मध्येच थांबून, एकेक अक्षर.

# खाली  कोण  हाय

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. राग आला. वाटलं, जुना मजकूर कुठेतरी अडकलाय आणि आता बाहेर पडतोय, म्हणजे अजून एक बग! मी खिडकी साफ केली आणि हुकूम पुन्हा टाइप केला. ओळ पुन्हा आली. या वेळी अक्षरं घाईत येत होती, पण शब्दांमध्ये त्याच दोन-दोन स्पेस. आता मात्र मी बोट उचललं, हुकूम पुसला आणि मशीनला त्याचं नाव विचारलं.

उत्तर आलं, उमरी. माथ्यावर "टेस्ट", आत उमरी. ज्या बगच्या मागे मी होते त्यानेच मला गाठलं होतं.

मी तिथल्या फिटरला, गंगाधरला, फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला तो त्याच्या जोडीदाराने, व्यंकटने.

"गंगाधर कुठाय?"

"खाली हाय की मॅडम, टाकीत. गाळ काढायलाय."

"बाहेरचा मेन स्विच पाडलाय का?"

मग तो हळूच म्हणाला, "न्हाई ओ... राहिलाच की."

गंगाधर गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि ज्या पाइपातून पंप पाणी ओढतो त्याच्या तोंडात त्याचा हात खांद्यापर्यंत होता. हे त्याने वर आल्यावर स्वतः सांगितलं. त्याला दोन लेकरं आहेत. मी फोन ठेवला आणि घरात कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडले.

रडून झाल्यावर कामाला लागले, दुसरं काय करणार? आठ दिवस खोदत होते. क्लायंटच्या नोंदीत मी टाइप केलेलं एकूण एक अक्षर होतं, त्या ओळीचं एकही नव्हतं. पलीकडून काही आल्याचीही खूण नाही. जुना मजकूर अडकावा अशी जागाच नव्या कोडमध्ये उरली नव्हती, ती मीच काढली होती. पंपघराचं कुलूप तसंच. कपाटातल्या कीबोर्डवर धूळ.

नवव्या दिवशी एस.टी. पकडून लातूरला गेले. चाचांना भेटायचं, बस. शबानाला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. चहा देताना तीच म्हणाली, "ताई, मागच्या आठवड्यात मंगळवारी अब्बांना काय झालं होतं कुणास ठाऊक. साडेतीनच्या सुमाराला डाव्या हाताचं बोट पलंगावर आपटायलेत, आपटायलेत. मी हात धरला तर झटकला. तवापासून मधूनमधून चालूच हाय. डॉक्टर म्हणतात, होतं असं."

मी आत गेले. चाचा छताकडे बघत पडले होते. डावी तर्जनी चादरीवर पडत होती. टक. टक. मग अंगठ्याचे दोन ठोके. पुन्हा टक.

मी पलंगाशी बसले. खिडकीत जे विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलं. "चाचा, खाली गंगाधर होता. वर आला तो. आता कुणी न्हाई."

बोट थांबलं. डोळे माझ्याकडे वळले, आणि उजव्या, मेलेल्या गालावरून पाणी ओघळलं.

त्यांना ऐकू येतं, तेव्हा ते गलबलले असतील. बोटाची हालचाल आजाराचीही असेल. पण माझ्या खिडकीतली ओळ? बगच्या यादीत ती नोंद अजून उघडी आहे, कारणाचा रकाना रिकामा. दोन्हीकडून टाइप करायचा भाग मी परत घातला, कपाटातला कीबोर्ड पुन्हा जोडून घेतला. पंप सुरू करण्याआधी आता क्लायंटच तो प्रश्न विचारतो आणि गंगाधर किंवा व्यंकटने टाकीत बघून तिकडून उत्तर दिल्याशिवाय एंटर चालतच नाही. ठेकेदार कुरकुरतो. कुरकुरू दे.

शबानालाही मी नंतर सगळं सांगितलं. महिन्यातून एखाद्या दुपारी तिचा फोन येतो. "ताई, अब्बा पुन्हा विचारायलेत."

मी हातातलं काम टाकून गंगाधरला फोन लावते. तो लगेच जातो, झाकण उघडतो, खाली बघतो. आजपर्यंत तरी खाली कुणी नव्हतं. मग मी लातूरला फोन करून तसं सांगते, आणि बोट थांबल्याचं शबाना सांगेपर्यंत फोन कानाला तसाच धरून बसते.