दादाच्या फोटोवर न चढणारा हार

प्रश्न साधा आहे. वेब पेजवर एखादे चित्र दिसावे की दिसू नये, हे त्या पेजला दिलेल्या सूचनांशिवाय आणखी कशावर अवलंबून असू शकते का?

मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. या प्रश्नाचे उत्तर मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत आलो आहे — नाही. संगणक सांगितले तेवढेच करतो. काही चुकले असेल, तर सांगणारा चुकलेला असतो. या सदरातील अनुभव मी वाचतो, पण शिक्षकाच्या सवयीने, हातात पेन्सिल धरून. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पुढे जे लिहीत आहे ते सगळे दिवसाउजेडी घडले, आणि माझ्याखेरीज इतरांनीही ते पाहिले आहे.

माझा मोठा भाऊ श्रीधर, म्हणजे आमचा दादा, अकोल्यात जुन्या शहरात राहत असे. बार्शीटाकळीजवळ आमची थोडी शेती आहे. तिच्यात झेंडू, शेवंती आणि निशिगंध असतो. दादा तिथून मोटारसायकलवर फुले आणायचा आणि सुमनवहिनी घराच्या ओट्यावरच त्यांचे हार करून विकायच्या; मोकळा असला की दादाही त्यांच्याबरोबर ओवायला बसे. लग्नाचा हार, सत्काराचा हार, फोटोचा हार — प्रत्येकाची घडण निराळी. फोटोचा हार त्या बारीक ओवतात आणि त्याचा गोंडा लहान ठेवतात. "गेलेल्या माणसाचं तोंड झाकू नये," असे त्यांचे म्हणणे.

आमच्या कुळातील मंडळींसाठी मी एक संकेतस्थळ तयार केले होते. प्रत्येकाचे नाव, नाते आणि फोटो. आमच्या गावाकडे नेटवर्क रडतखडत चालते. म्हणून पेज उघडताच आधी एक लहान, धूसर फोटो येतो आणि मागाहून स्पष्ट फोटो त्याची जागा घेतो. मुलींचे फोटो कोणी उतरवून घेऊ नयेत असा चुलत्यांचा आग्रह होता. त्यासाठी प्रत्येक फोटोवर मी एक पारदर्शक थर ठेवला. फोटो उचलायला गेलेल्याच्या हाती तो कोरा थर लागतो. ज्याला ठरवून चोरायचेच आहे त्याला याने अडवता येत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगतो तेच येथेही सांगतो. दाराला कडी असावी, तेवढेच.

आणि जे हयात नाहीत, त्यांच्या नावापुढे 'दिवंगत' अशी खूण केली की फोटोवर आपोआप हार चढावा, अशी सूचना मी लिहिली होती.

तो हार वहिनींच्याच हातचा. एका दुपारी त्यांच्याकडून झेंडूचा हार करून घेतला. दादाने तो पांढऱ्या चादरीपुढे दोन्ही हातांनी धरला आणि मी फोटो काढला. नंतर त्यातून चादर वगळली, दादाची बोटेही पुसली. उरला नुसता हार. तो कोणत्याही फोटोवर बसवता येत होता.

वहिनी हे सगळे पाहत होत्या. "एकच हार साऱ्याइले? अन् तो सुकत बी नाही! भाऊजी, माह्या धंद्यावर पाय देऊन राह्यले का?"

"जाऊ दे न," दादा हार धरलेल्या अवस्थेतच म्हणाला, "आपल्या घरचे मेले त तेवढाच हार वाचते."

सगळे हसलो. त्याच दुपारी दादाचाही एक फोटो काढला. तोच मी त्याच्या नावापुढे लावला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दादा फुले घेऊन शेतातून निघाला आणि घरी पोहोचला नाही. नाल्याला पूर होता. मोटारसायकल पुलाखालच्या गाळात मिळाली, फुलांचे पोते खाली एका बाभळीला अडकलेले मिळाले. दादा मिळाला नाही.

मृतदेह नाही, तेव्हा वहिनींनी कुंकू पुसले नाही. इतरांच्या फोटोंसाठी त्या रोज हार ओवत राहिल्या. स्वतःच्या भिंतीवरचा फोटो मात्र मोकळाच ठेवला. असे बरेच दिवस गेले. अखेर आमचे चुलते नानाजी बार्शीटाकळीहून आले. दादाची मुलगी पल्लवी लग्नाची झाली होती, स्थळही चांगले आले होते.

"सुमन, विधी झाल्याबिगर पोरीचं लगन कसं करावं?" ते म्हणाले. "मलेबी बरं वाटून नाही राह्यलं हे सांगतानी."

वहिनी तयार झाल्या. कणकेचा पुतळा करून विधी उरकला. दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजींनी भिंतीकडे बोट दाखवले, तेव्हा मात्र त्या अडल्या.

"भिंतीवर एकदम नाही जमायचं मले," त्या मला म्हणाल्या. "भाऊजी, तुमच्या त्या पेजावर लावा पयले. तिथं पाह्यलं अन् सहन झालं, त मंग इथं माह्या हातानं चढवीन."

मी लॅपटॉप उघडला. दादाच्या नावापुढे 'दिवंगत' अशी खूण केली, जतन केली आणि पल्लवीच्या मोबाइलवर पेज उघडायला सांगितले. धूसर फोटो आले. मग स्पष्ट झाले. आजोबांच्या फोटोवर हार आला. आजीच्या फोटोवर आला. दादाच्या फोटोवर आला नाही.

"नेट स्लो आहे, काका," पल्लवी म्हणाली.

आम्ही थांबलो. पेज पुन्हा उघडले. माझ्या लॅपटॉपवर पाहिले, नानाजींच्या मोबाइलवर पाहिले. दादा हसत उभा होता, गळा मोकळा.

वहिनींनी मोबाइल पल्लवीच्या हातातून घेतला. त्यांचा आवाज मला अजून आठवतो. तो एकाएकी तरुण झाला होता. "राहू द्या भाऊजी. जिथं लागून नाही राह्यला, तिथं काहून लावता?"

मी त्यांना म्हणालो की माझे काहीतरी चुकले आहे, दुरुस्त करून देतो. असे बोलताना मला खात्री होती.

अमरावतीला परतल्यावर मी काम हाती घेतले. मला पहिला संशय पारदर्शक थराचा आला — हार त्याच्यामागे दबला असेल. थर काढून टाकला, फरक नाही. ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत सगळीकडून पुसली, फरक नाही. मग अदलाबदल केली. दादाच्या जागी आजोबांचा फोटो ठेवला, तर हार चढला. आजोबांच्या जागी दादाचा फोटो ठेवला, तर तेथील हार गेला. म्हणजे दोष जागेचा नव्हता, सूचनेचाही नव्हता. फोटोच्या फाइलमध्ये असेल म्हणून दादाचा दुसरा, लग्नातला फोटो घेतला. त्यावरही हार आला नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पेजवर काय काय उतरले, कोणत्या जागी बसले, हे ब्राउझरला विचारता येते. मी विचारले. त्याचे उत्तर स्वच्छ होते : हाराचे चित्र पूर्ण उतरले आहे, दादाच्या फोटोवर, ठरल्या मापाचे, दृश्य अवस्थेत. म्हणजे संगणकाच्या लेखी हार तेथे होता. फक्त दिसत नव्हता.

माझे सहकारी देशमुख सर यांना मी काही न सांगता पेज दाखवले. "सर, तिसऱ्या फोटोचा हार राहिला की तुमचा," ते सहज म्हणाले. मग संपूर्ण कोड त्यांनी ओळीओळीने वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "यात चूक नाही. मी मार्क कापू शकत नाही."

शेवटी हाराची जुळणीच काढून टाकली. दादाच्या फोटोतच हार रंगवून घेतला, म्हणजे दोन्हींचे मिळून एकच चित्र केले. लॅपटॉपवर ती फाइल उघडली की हार घातलेला दादा दिसे. तीच फाइल पेजवर चढवली की... गळा मोकळा. याला माझ्या विषयात उत्तर नाही. एकाच चित्राचा एक भाग पोहोचू नये आणि त्यामागचा सदरा मात्र पूर्ण दिसावा, असे होऊ शकत नाही. झाले मात्र तसे.

अकोल्यात वहिनींसमोर मी अखेरची परीक्षा केली. माझ्या स्वतःच्या नावापुढे 'दिवंगत' अशी खूण केली. क्षणात माझ्या फोटोवर हार चढला.

वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या. "तुमाले त शोभून दिसते, भाऊजी!" मग ओट्याकडे वळून त्यांनी ओले फडके फुलांवर टाकले आणि म्हणाल्या, "जित्या माणसाले बी लागते अन् त्याइले नाही लागत. मंग सांगा, हे काय होये?"

मी खूण काढून टाकली.

त्यानंतर वहिनी शोधायला निघाल्या. रुग्णालये, आश्रम, देवळांच्या पायऱ्या. पल्लवीचे स्थळ थांबवून ठेवले, कारण "बाप आल्यावर कन्यादान तोच करीन." घरात पुन्हा दादाचे ताट वाढले जाऊ लागले. पल्लवीने मला फोन केला. "काका, ते पेज बंद करून टाका. आई ताटावर माशा वारत बसते."

मी बंद केले नाही. खरे सांगायचे तर, तोपर्यंत मीही ते पेज रोज उघडू लागलो होतो. कोडवर माझा जितका विश्वास होता, तितकाच आता त्या मोकळ्या गळ्यावर बसत चालला होता.

एकदा कोणीतरी कळवले की चांदूर रेल्वेच्या स्टेशनबाहेर एक स्मृती गेलेला माणूस बसतो, आणि तो हार ओवतो. वहिनी अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत आल्या, तेथून आम्ही दोघे गेलो. तो दादा नव्हता. दादापेक्षा पुष्कळ म्हातारा होता. वहिनींनी त्याला चहा पाजला.

"बाबाजी, हार ओवाले कोनं शिकवलं?"

"पोटानं," तो म्हणाला.

वहिनींनी त्याचा एक हार विकत घेतला आणि परतीच्या वाटेवर मला दाखवला. "गाठ कच्ची हाय. हे असते त अशी गाठ मारलीच नसती." एवढ्या परीक्षेवरही त्यांची आशा ढळली नव्हती, उलट वाढली होती.

त्यानंतर पोलिसांचा निरोप आला. आमचा नाला जिला मिळतो त्या नदीच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, त्याच पुरानंतर एक अनोळखी मृतदेह मिळाला होता. ओळख न पटल्याने तेव्हाच दफन झाले होते; नमुना तेवढा जपून ठेवलेला होता. तो पल्लवीच्या रक्ताशी जुळला. अहवाल मी स्वतः दोनदा वाचला, मग वहिनींना वाचून दाखवला. शंकेला जागा नव्हती. पुराच्या त्या दिवशी दादा नाल्यातून बाहेर आलाच नव्हता. आम्ही पेजवर त्याचा मोकळा गळा पाहत होतो, तेव्हा तो केव्हाचाच मातीत होता.

वहिनी रडल्या नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी झेंडू निवडला आणि हार ओवला — बारीक, लहान गोंड्याचा. स्टुलावर चढून तो भिंतीवरच्या फोटोला घातला. खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "आता उघडा तुमचं पेज."

"वहिनी, कशाला..."

"उघडा न. आता त आमी बी मानलं. आता लागंन."

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. धूसर फोटो आले. मग स्पष्ट झाले. आजोबांवर हार. आजीवर हार. दादा हसत होता. गळा मोकळा.

पल्लवी दारात उभी होती. वहिनी वाकून बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. एकदा अंगठ्याने काचही पुसली.

"म्हणजे तवाबी ते काईच सांगून नव्हतं राह्यलं," त्या म्हणाल्या. "आपणच ऐकत होतो."

मग सुई उचलून त्यांनी उरलेली फुले ओवायला घेतली. कोणाच्या तरी फोटोसाठी हार सांगितलेला होता. दादाचे ताट त्या दिवसापासून वाढले जात नाही. पेजबद्दल त्यांनी मला पुन्हा कधीही विचारलेले नाही. पल्लवीचे लग्न ठरले आहे, दुसऱ्याच घरी. पहिल्या स्थळाने वाट पाहिली नाही.

हार नसणे म्हणजे जिवंत असणे, असा अर्थ आम्ही लावला आणि तो खोटा ठरला. दुसरा कोणता अर्थ लावावा, हे मला कळत नाही. दादानेच तो हार हातांत धरला होता, मी त्याची बोटे पुसली होती, हेही मनात येऊन जाते. पण त्याने काही सिद्ध होत नाही, म्हणून त्यावर मी काही बांधत नाही. यंदा वर्गात तो प्रश्न आला तेव्हा मी फळ्यावर नेहमीचेच उत्तर लिहिले. फक्त शेवटी पूर्णविराम दिला नाही, आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही.

पेज अजून सुरू आहे. त्यावरून बाकीच्या मंडळींचे सगळे फोटो मी काढून टाकले आहेत. आता तेथे तीनच आहेत : आजोबा, आजी आणि दादा. तिघांनाही एकच सूचना लागू आहे. पेजचा पत्ता संपादकांकडे दिला आहे. जो मागेल त्याला तो मिळेल. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये. आपल्या मोबाइलवर पेज उघडावे, धूसर फोटो स्पष्ट होऊ द्यावेत आणि तिसऱ्या फोटोकडे पाहावे. हार दिसला तर तसे कळवावे, न दिसला तरी कळवावे. कृपया स्वतः तपासून पाहा.