चौऱ्याण्णव गाठींचा काठ

"मावशी, तुमचा अर्ज वर पाठवलाय."

"वर म्हंजी कुटं? माळ्यावर?"

एसटी डेपोतला क्लार्क मच्छिंद्र मान खाली घालून हसला. कलाबाई साळवे हसल्या नाहीत. हा त्यांचा चौथा अर्ज होता आणि मागणी एकच: सातची गाडी साळवे वस्तीवर थांबवा. नात सायली बारावीला, कॉलेज सोनईला. मागचा थांबा पाच किलोमीटर मागं, पुढचा थेट सोनई. गाडी वस्तीसमोरून धुरळा उडवत निघून जायची आणि सायली येईल त्या टेम्पोला हात करत राहायची. हजेरी अजून घटली तर परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजनं बजावलेलं.

कलाबाई तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरल्या. मागोमाग सायली.

"गाडी थांबत नाही, याला पुरावा?" मॅनेजरनं मोबाईलमधून डोकं न काढता विचारलं.

कलाबाईंनी पिशवीतून जुन्या लुगड्याचा काठ काढला आणि टेबलावर सोडला. गाठीच गाठी, चौऱ्याण्णव!

"हे काय?"

"पुरावा. ऊसतोडीला हुते तवा मोळ्या अशाच मोजायचे. मुकादमाची मोजनी चुकायची, माजी न्हाई. सोळा ऑगस्टपासनं रोजची एक गाठ. गाडी न थांबता गेली का साधी. आलीच न्हाई तर गाठीला निळा दोरा."

"मावशी, आमची गाडी आली नाही असं होतच नाही. रजिस्टरला रोज फेरी झालेली आहे."

"मग काढा की रजिस्टर!"

सायलीनं बोट ठेवून मोजलं. "त्रेसष्टावी गाठ. निळा दोरा. म्हणजे सतरा ऑक्टोबर."

मॅनेजरनं पान उलटलं आणि खुशीत वाचलं, "सतरा ऑक्टोबर, सातची गाडी, फेरी पूर्ण. बघा!"

दारातून मच्छिंद्र बोलून गेला, "साहेब, त्या दिवशी ती गाडी वर्कशॉपात हुती ना. क्लच गेल्ता."



"वर्कशॉपचं बुक आणा," मॅनेजर म्हणाला. बुक आलं. सतरा ऑक्टोबर, तीच गाडी, दिवसभर दुरुस्तीला.

"आजी, एकाहत्तरावी पण निळी आहे! पंचवीस तारीख!" सायली जवळजवळ ओरडलीच. वर्कशॉपच्या बुकात तीही जुळली.

मॅनेजरनं मोबाईल पालथा ठेवला. "मावशी, बसा ना."

"बसायला न्हाई आले. कुनाची नोकरी घालवायला बी न्हाई. रजिस्टर तुमचं तुमी बघा. मला थांबा पायजे. आन लेखी पायजे."

लेखी मिळालं. शिक्क्यासकट!

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच अख्खी वस्ती रस्त्यावर. कुणी दात घासत, कुणी कडेवर लेकरू घेऊन. वळणावर गाडी दिसली.

"आली! आली!"

"यायचं काय, येती ती. थांबती का बघा," कलाबाई पुटपुटल्या. मुठीत काठ घट्ट.

करकचून ब्रेक लागला. दार उघडलं. सायली उडी मारून चढली आणि तिच्यामागं, पदर खोचून, कलाबाईसुद्धा!

"आजी, तू कुठं?"

कंडक्टरनं मशीन पुढं केलं. "बोला मावशी, कुठलं देऊ?"

"कुटलं बी दे. पर हितनं दे. साळवे वस्तीपासनं."

तिकीट निघालं. कलाबाईंनी ते सायलीच्या डोळ्यांपुढं धरलं.

"वाच. मोठ्यानं वाच, मागच्या शीटापतुर गेलं पायजे!"