नैवेद्याचं मीठ

बोरी बुद्रुकच्या अंजनाला सगळं येत होतं. फक्त आपल्याला येतं यावर तिचा विश्वास नव्हता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाव्हण्यांच्या पंगतीत तिचा रस्सा खारट झाला आणि नवऱ्याच्या भावकीनं हसून हसून तिला नको नको केलं. त्याला आता वीसेक वर्षं झाली. तरी चुलीवर काहीही शिजो, ही पळी घेऊन सासूपुढं हजर. "आत्या, मीठ बघा ना!" सासू नसली तर शेजारची सोनीकाकू, ती नसली तर दूधवाला. बरं, मिठावर थांबेल ती अंजना कसली! साडी कुठली नेसू, कांदा आज काढू का उद्या, सगळं विचारून. सासू साळुबाई वैतागायची, "अगं, तुला जीभ दिलीय का न्हाई देवानं?"

यात्रेला देवाचा मासवडी-रश्श्याचा नैवेद्य याच घरातून जातो आणि मग त्याच रश्श्यावर सगळी भावकी जेवते. यंदा साळुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, धुराकडं फिरकायचं नाही. म्हणजे सगळं अंजनावर. आणि नैवेद्य चाखायचा नसतो! देवाच्या आधी कुणाचीच जीभ लागायची नाही.

मासवड्या तर झकास वळल्या. रस्सा उकळत होता तेवढ्यात नवऱ्यानं, हौशीरामनं, आरतीचं ताट मागितलं. ते देऊन ती परत आली आणि तिनं सवयीनं विचारलं, "काकू, रश्श्यात मीठ घातलं का न्हाई मी?"

"घातलंस की! या डोळ्यांनी पाह्यलं मी," मदतीला आलेली सोनीकाकू म्हणाली.

एरवी विषय तिथंच मिटला असता. पण सकाळी खोबरं किसताना अंजनाचं बोट सोललं होतं. मासवडीच्या बेसनात मीठ घालताना ते असं झोंबलं, की डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर काही झोंबलं नव्हतं.

"काकू, तुमी पाह्यलं ते बेसनाचं. रश्श्यात न्हाई घातलं."

"मला येडी समजतीस व्हय? खारट झालं म्हंजे? देवाच्या दारात शोभा व्हईल, शोभा!"

अंजना ओसरीवर धावली. काळा चष्मा लावून बसलेल्या साळुबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"चुलीपाशी तू व्हतीस का मी?" एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं.

बाहेर ढोल वाजायला लागला. आता कुणाला विचारणार, कप्पाळ! अंजना परतली, मिठात हात घातला, बोट जळजळलं, आणि तिनं मूठ रश्श्यात सोडली. सोनीकाकूनं कपाळावर हात मारला. "लावलीस वाट!"

नैवेद्य दाखवून झाला, पंगत बसली. अंजना दाराआड जीव मुठीत धरून उभी. भुरके ऐकू येत होते, पण कुणी काही बोलेना. मेले बोलत का नाहीत? शेवटी चुलत सासरा भिमाजी, ज्याच्या तोंडून आजवर कुणाचं कौतुक निघालेलं नाही, वाटी पुढं करून ओरडला, "रस्सा आना की राव! का संपला?"

अंजनानं रश्श्याचं पातेलं दाराबाहेर सरकवलं. हसू का रडू तिला कळेना. सुटले गं बाई!

बायकांच्या पंगतीत सोनीकाकूनं दोनदा रस्सा मागून घेतला. बोटं चाटत म्हणाली, "घातलं व्हतंसच तू. जरा कमी पडलं असंल."

"तसं म्हना, काकू," अंजना हसली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. लई भूक लागली होती तिला.