न झालेल्या कायद्याचं चौथं कलम

जो कायदा अजून झालेलाच नाही, तो इतक्या काटेकोरपणे पाळणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच आहे आणि तो नात्याने माझा मामेसासरा लागतो. बायकोचे हे मामा पिंपळवंडीला राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दिल्लीत एका खासदारांचे स्वीय सहाय्यक म्हणून काढली. खासदार कोणते, हे ते सांगत नाहीत आणि विचारलं तर पाण्याचा तांब्या पुढे करतात. तिथे त्यांनी एकच गोष्ट पाहिली, पण ती जन्मभर पुरली. गुळगुळीत दाढीची माणसं सुक्या मेव्याचे डबे घेऊन यायची, गोड बोलून जायची आणि मग कधीतरी त्यांच्या मनातला प्रश्न सभागृहात विचारला जायचा. "खासदारानं कसं वागावं याचे नियम हायेत, समिती हाय," मामा म्हणतात, "पण त्याला भेटाया येणारा कोण, कुणाच्या वतीनं आला, पिशवीत काय घिऊन आला, हे लिवून ठेवायचा कायदा आपल्याकडं न्हाई." हा कायदा आपल्या हयातीत निदान संसदेत मांडला तरी जावा, ही त्यांची एकुलती एक इच्छा. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी त्याचा मसुदा स्वतःच लिहायला घेतला आणि दिल्लीला वेळ आहे म्हणून अंमलबजावणी घरापासून सुरू केली.

गावाने कौतुकाने त्यांच्याकडे शेतांना कालव्याच्या चारीतून मिळणाऱ्या पाण्याच्या पाळ्या ठरवायचं काम दिलं आणि नंतर पुष्कळ दिवस कपाळाला हात लावला. कालव्याला पाणी सुटायचं झालं की मामा कुणाच्या दारात चहा घेत नाहीत. पाणीसुद्धा घरून बाटलीत नेतात. एकदा एका शेतकऱ्याने त्यांना बांधावर नुसतं हरभऱ्याचं डहाळं दिलं, तर मामांनी चार माणसं गोळा करून त्यांच्यासमोर ते परत केलं. तो बिचारा म्हणाला, "मामा, ढाळं हाय ते, लाच न्हाई." मामा म्हणाले, "पाणी येऊन जाऊ दे, मग मीच मागून खाईन." स्वतःची पाळी ते कायम शेवटी लावतात, त्यामुळे त्यांचा कांदा गावात सगळ्यात बारीक. सोयरिकीच्या बैठकीत तर त्यांना बोलवायला माणसं भितात. माझ्या मेव्हणीच्या लग्नाची बोलणी चालली होती, सुपाऱ्या फुटायच्या बेतात होत्या. तेवढ्यात मामा उभे राहिले आणि म्हणाले, "मी मुलीचा मामा हाय आन् मुलाच्या बापाचा रोटाव्हेटर गेल्या साली मी वापरलेला हाय. तवा माझं बोलणं त्या हिशेबानं धरा." मुलाच्या बापाला आपण काय गुन्हा केला तेच कळेना. लग्न झालं, पण रोटाव्हेटरची चर्चा मांडवापर्यंत पोचली.

शेवटी मसुदा पुरा झाला. कायदा मांडायचा तर खासदारच हवा आणि खासदाराला गळ घालायची तर त्याला भेटायला हवं. म्हणजे ज्या गोष्टीला आळा घालायचा, तीच करायची. या पेचावर मामांनी महिनाभर विचार केला. मग ठरलं, की वशिला लावायचा नाही, रांगेत उभं राहायचं आणि हात रिकामे ठेवायचे. सोबतीला मला लोणीहून बोलावून घेतलं.

आता मामी. त्यांचं माहेर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथल्या खाचरांतलं भात पायलीने मोजण्याइतकं, पण दाराशी आलेला माणूस तिथून रिकामा जात नाही आणि तिथला माणूस कुणाच्या दारी रिकामा जात नाही. मामींचा एक भाचा नेमका आमच्या भागाच्या खासदारांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आदल्या दिवशी मामींनी त्याच्या हाती माहेरच्या आंबेमोहोराची पिशवी गुपचूप पाठवून दिली होती.

आमची पाळी आली. खासदार प्रसन्न होते. "या मामा, बसा. काल तुमच्याकडचा तांदूळ आला. घरभर वास सुटला होता राव."

मामांनी पिशवीतून अर्धा काढलेला मसुदा परत आत सारला. "मंग आज माझं काम न्हाई सांगता यायचं, साहेब."

"का बरं?"

"कलम चार. भेटीआधी वस्तू दिली आसंल, तर वरीसभर भेटता येत न्हाई."

"कुठल्या कायद्याचं?"

"ह्याच. आजून झाला न्हाई त्यो."

खासदार हसले. माणूस चांगला होता. "झाला नाही ना? मग द्या की."

"ज्यानं लिवला त्यानं तरी पाळावा," असं म्हणून मामा नमस्कार करून उठले. मी त्यांच्यामागे निघालो.

घरी मामींनी ऐकलं आणि त्या चुलीपुढे बसून रडल्या. "रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जात्यात व्हय? मला काय ठावं, माझ्या तांदळानं ह्यांचा कायदा बुडंल?" मामा रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. ते म्हणाले, "तुझं न्हाई चुकलं. मायेनं दिल्यालं कुठं संपतं आन् कामासाठी दिल्यालं कुठं सुरू व्हतं, हे मलाच लिवता आलं न्हाई." मग ते जेवायला बसले.

मामांनी वर्ष पाळलं. त्या वर्षात निवडणूक झाली आणि ते हसरे खासदार पडले. आम्ही नव्या खासदारांच्या कार्यालयात गेलो, तेव्हा पुन्हा आपल्या हातून काही दिलं जायला नको म्हणून मामींनी आम्हाला साधा निरोपही दिला नाही, आतच बसून राहिल्या. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कुणाच्या वतीनं आलात? संस्था, कंपनी, संघटना?"

मामांचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून त्यांनी एवढी वर्षं घालवली होती. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की उत्तर आपल्याकडे नाही. "कुणाच्याच न्हाई," ते म्हणाले. बाईंनी कोपऱ्यातल्या अर्जांच्या ढिगाकडे बोट केलं.

"माझ्या वतीनं आलेत," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"मतदार."

बाईंनी आम्हा दोघांकडे नीट पाहिलं, मसुदा घेतला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. पुढे त्याचं काय झालं ते कुणी कळवलं नाही. परतीच्या एसटीत मामा खिडकीबाहेर बघत होते. नारायणगाव आल्यावर त्यांनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

हल्ली त्यांना दूरचं नीट दिसत नाही. पण अधिवेशन असलं की शुक्रवारी दुपारी ते टीव्हीला नाक लावून बसतात, कारण खासदारांची खासगी विधेयकं त्या दिवशी येतात. संध्याकाळी मला फोन येतो. "आज न्हाई आलं, पावणं."

"पुढच्या शुक्रवारी येईल, मामा," मी म्हणतो. मला ते खरं वाटत नाही. पण आता शुक्रवारी मीही टीव्ही लावून बसतो.