छातीवरचा चेंडू

वीरभद्रला चेंडू छातीवर घेता येत नव्हता असं नाही. तो घेत नव्हता.

परभणीच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गात असताना त्याच्याइतकं पळणारं पोर शाळेत दुसरं नव्हतं. घोट्याला चिंध्या गुंडाळून अनवाणी खेळायचा. शिवणीचा जड चामडी फुटबॉल कपाळानं मारून मारून भिवईच्या वर कायमचा वण पडला होता. पण चेंडू उंचावरून छातीकडे येऊ लागला की हाच पोरगा ऐन वेळी खांदा फिरवी, अंग चोरी आणि मग पडलेल्या चेंडूमागं धावे. कडेला बसलेली पोरं हसत. संघातला भुजंग तर ओरडायचा, "आली बघा नवरी, पदर सावरत!"

सदऱ्याच्या आत चांदीची डबी होती आणि डबीत लिंग. घर लिंगायतांचं; तो पाळण्यात असताना मठाच्या स्वामींनी ते त्याच्या गळ्यात बांधलं होतं. अंघोळीत, तापात, झोपेत ते अंगावरून उतरलं नव्हतं. माणूस गेल्यावर त्याला बसवून पुरतात, तेव्हाही ते त्याच्यासोबत जातं. आधी तो चेंडू छातीवर घ्यायचा. एकदा सरावात जोराचा चेंडू थेट डबीवर बसला आणि चांदी चेपली. तो मैदानाबाहेर जाऊन बाभळीआड बसला, डबी उघडून पाहिली. लिंग शाबूत होतं. त्या दिवसापासून छाती मिटली.

हैदराबादच्या कॉलेजातले खेळाचे प्रोफेसर नांदेडच्या शाळेविरुद्धचा सामना बघायला येणार आहेत, असं शाळेचा संघ सांभाळणाऱ्या खलील मास्तरांनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या पोरांनी बाकं वाजवली. त्यांना एखादा पोरगा आवडला तर फी माफ, राहणं-खाणं कॉलेजचं. मास्तर वीरभद्रला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, ती डबी तासाभरासाठी घरात कुणापाशी तरी ठेव. अम्मीला विचार. माँ है, समझेगी."

विचारायला म्हणूनच तो सोमवारी आपल्या गावी, ताडकळसला गेला. त्याचा बाप शिवाप्पा बाजारात गूळ-मिठाचं दुकान चालवायचा. पोराला बघून म्हणाला, "लाथा मारायचं शिकून हैदराबादला जाणार व्हय रं? हितं गुळाच्या ढेपा हायत की, मार त्यांनला." आणि स्वतःच हसला. मनातून त्याला पोराचं कौतुक होतं. गिऱ्हाइकांना तो आपणहून सांगायचा, आमचा वीरू कॉलेजात जायलाय.

पूजा झाल्यावर आईनं, गौराबाईनं, वीरभद्रच्या तळहातावरची डबी आपल्याकडे ओढून घेतली. चेपलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"कुठं पडलास का?"

"न्हाई. चेंडू लागला."

"लय लागला?"

"न्हाई, माय."

ती अंगठ्यानं चांदी दाबत राहिली. मग नेहमीसारखंच म्हणाली, "तुझ्या आधीची दोघं गेली. तू राहिलास ते ह्याच्या जीवावर." हे वाक्य त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र ते ओठांवर आलेल्या शब्दांवर कडी लावावी तसं आलं. तो न विचारताच भाकरी खाऊन बैलगाडीनं परतला.

सामना दुपारी झाला. वीरभद्र वाऱ्यासारखा पळाला. त्याच्या पायातून चेंडू सुटला की तो जिथं जायला हवा तिथंच जाई. प्रोफेसर खुर्चीत पुढं सरकून बसले होते. दोन्ही बाजू बरोबरीत असताना, सामना संपत आला तेव्हा, भुजंगनं मागून उंच चेंडू दिला. गोल समोर, मध्ये कुणी नाही. छातीवर घ्यायचा, पायाशी उतरवायचा, मारायचा. चेंडू खाली येताना वीरभद्रला तो दिसत होता, आणि अंगठ्यानं चांदी दाबणारी माय दिसत होती.

त्यानं खांदा फिरवला. चेंडू रेषेबाहेर गेला.

प्रोफेसर उठताना मास्तरांना म्हणाले, "लडका तेज है. मगर डरता है."

मास्तर बोलायला पुढं झाले. वीरभद्रनं त्यांच्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. खरं सांगितलं असतं तर दोष लिंगावर गेला असता, मायवर गेला असता. भित्रा ठरणं त्याला त्यापेक्षा सोसवत होतं. निदान त्या दुपारी तरी तसं वाटलं.

हैदराबादला नांदेडचा एक पोरगा गेला.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. बाप गिऱ्हाईक नसताना तागडी पुसत बसला. गौराबाईनं वीरभद्रला चुलीपाशी बोलावलं.

"छातीवर घेतला न्हाईस म्हणून न्हाई नेलं?"

तो राखेत काटकी फिरवत राहिला.

"मला का बोलला न्हाईस रं? डबी चेपलेली बघितली तवाच मला समदं कळलं व्हतं. वाट बघत व्हते, आता बोलशील, मग बोलशील."

"अंगावेगळं करू न्हाई म्हणतात ना, माय."

"मग मायचं अंग काय येगळं हाय व्हय?" ती म्हणाली. "आले असते की गाडीत बसून. लिंबाखाली बसले असते. माझं डाव्या हातात, तुझं उजव्यात. तुझा खेळ व्हईस्तोवर मूठ उघडली नसती."

मग दोघंही विझत आलेल्या चुलीकडे बघत राहिली. आता एकमेकांना माफ करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. कुणाचंच चुकलं नव्हतं, आणि गेलं ते गेलं होतं.

वीरभद्र दुकानात बसू लागला. लग्न झालं. बाजारच्या दिवशी पोरं चिंध्यांचा चेंडू उडवत, तो दुकानाच्या दारात आला की उचलून हातानं परत देई. पायानं कधी नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गावोगाव रझाकारांची धास्ती होती, बाजार भरत नव्हता, आणि त्याच दिवसांत गौराबाई तापानं गेली. पाहुणे येऊ शकले नाहीत. शेताच्या बांधाजवळ खड्डा खणला. तिला आत मांडी घालून बसवलं. स्वामींनी तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं वर मिटवली.

माती लोटण्याआधी वीरभद्रनं वाकून पाहिलं. उजवा हात मांडीवर पडला होता, उताणा, उघडा. काहीतरी मागत असल्यासारखा.

त्याचा हात आपसूक सदऱ्यातल्या चेपलेल्या डबीवर गेला.

"वीरू, माती घाल, बाबा," बाप म्हणाला.

त्यानं डबीवरचा हात काढला. मग पहिली मूठ त्यानं त्या रिकाम्या हातात घातली.