चिठ्ठीची मागची बाजू

सातवीच्या वर्गावर चाचणी परीक्षेची देखरेख करत होतो, तेव्हा खिशातला फोन थरथरला. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, पण काकींचं, म्हणजे हिरानानांच्या बायकोचं, नाव दिसलं आणि व्हरांड्यात आलो. "मास्तर, तुमचे नाना गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. त्या स्वतः रडत नव्हत्या. खारघरच्या शाळेतून आमचं गाव स्कूटरने वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत नानांचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येईना, आवाज मात्र सारखा कानात. तसंही आमच्या पट्ट्यात हिरानानांना चेहऱ्याने ओळखणारे थोडे आणि आवाजाने ओळखणारे सगळे. पनवेलपासून उरणपर्यंत टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने जिथे भरत तिथे मंडपात माईकवर नाना, आणि शेजारच्या खुर्चीत धावा लिहायला मी. अशी एकोणीस वर्षं गेली.

नोकरी त्यांची उरणला बंदरात, क्रेनवर. माईक हा सुट्टीचा धंदा, म्हणजे बिनपैशाचा. माईकला रुमाल गुंडाळायचा, एक पाय खुर्चीखाली घ्यायचा आणि सुरू. फलंदाज मैदानात आला की मी चिठ्ठी सरकवायची, नाना वाचणार, "मागच्या सामन्यात शून्य, आज बगू काय दिवा लावतंय." एकदा चषक द्यायला एक पुढारी आले. नानांनी त्यांचं नाव सांगितलं, पद सांगितलं, टाळ्या झाल्या, आणि त्याच सुरात पुढे म्हणाले, "सायबांनी मागल्या वर्षी याच मैदानावर शालेला पान्याची टाकी कबूल केली व्हती. टाकी अजून जाली नाय. सायबांचं स्वागत हाय!" अख्खं मैदान हसलं. साहेबांनाही हसावं लागलं, तसं हसणं मी परीक्षेत कॉपी पकडलेल्या मुलांच्या तोंडावर पाहिलं आहे. माझी मात्र पाचावर धारण बसली. हे काय बोललात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बॅट्समन आला का त्याचा मागचा स्कोर सांगताव ना? मंग पुडारी आला का मागचा शब्द सांगाया काय जालं?" टाकी पुढच्या सामन्यांच्या आत बसली. तेही नानांनी सांगितलं, "जाली! सायबांनी शब्द राखला!" आणि त्या दिवशी षटकारापेक्षा मोठ्या टाळ्या साहेबांना मिळाल्या.

तेव्हापासून पाहुण्यांचीही चिठ्ठी सुरू झाली. पुढच्या बाजूला नाव आणि पद, मागच्या बाजूला आधी दिलेला शब्द आणि तो पाळला की नाही. पक्ष लिहायचा नाही, हे नानांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सत्तेतला असो, विरोधातला असो, चिठ्ठीचा कागद एकाच मापाचा. एक गृहस्थ तीन वर्षांत तीन झेंडे बदलून आले. प्रत्येक वेळी त्यांचे कार्यकर्ते येऊन सांगत, ते जुनं आता काढू नका, भाऊ आपल्याकडे आलेत. नाना म्हणायचे, "शब्द मानसाचा असतो, झेंड्याचा नाय." मग सत्ताधाऱ्यांना वाटे हा विरोधकांचा, विरोधकांना वाटे हा त्यांचा, आणि दोघांनीही आपापल्या घरच्या हळदीची आमंत्रणं बंद केली. आमच्याकडे हळदीला न बोलावणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. एका गावात तर कोणी माईकची वायरच कापली. नाना उठले, बांधावर उभे राहिले आणि उरलेला सामना नुसत्या घशाने सांगितला.

पण ते देव नव्हते, चुकायचेही. एका पुढाऱ्याने आदिवासी वाडीवर बोअरवेल कबूल केली होती. माझी चिठ्ठी तयार नव्हती, नानांनी मनानेच सांगून टाकलं, बोअरवेल नाही झाली. ती झाली होती, वाडीच्या पलीकडच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला घेऊन तिथे गेले, हापशाचं पाणी प्याले, आणि दुपारी भर मैदानात माईकवरून त्या माणसाची माफी मागितली. तो पुढारी काही धुतल्या तांदळासारखा नव्हता; मी म्हणालोदेखील, एवढं कशाला, बाकीचं त्याने खाल्लंच आहे. नाना चिडले. "खाल्लाय त्ये वेगलं सांगू. पन न केलेली चोरी त्याच्या नावावर नको." त्या दिवसापासून नियम झाला. डोक्यातलं बोलायचं नाही, चिठ्ठीत असेल तेवढंच बोलायचं. आणि चिठ्ठी मी लिहायची, ती स्वतः जाऊन, डोळ्यांनी बघून.

एवढा विश्वास एखाद्यावर टाकू नये हो...

माझा धाकटा भाऊ दीपक सरपंच झाला. गावापासून स्मशानापर्यंतचा काँक्रीटचा रस्ता, हा त्याचा पहिला शब्द, आमच्याच मैदानावर दिलेला. वर्षभरात तिथे 'काम पूर्ण' असा फलक लागला. बिलही निघालं. रस्ता नव्हता. दोन डंपर दगडांचं डबर पडलं होतं, एवढंच. मी जाऊन पाहिलं होतं, कारण जाऊन पाहणं हेच तर माझं काम. पुढच्या सामन्यांना प्रमुख पाहुणा दीपक. सकाळी तो घरी आला. दमदाटी वगैरे काही नाही, त्याचा तो स्वभावच नाही. चहा पिता पिता म्हणाला, "दादा, तू निस्तं नाव लिव. मागं काय लिवू नको." आतल्या खोलीत आई झोपली होती. तिचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, आणि दर वेळी तिला पनवेलला नेऊन आणायचं काम दीपकच करत होता. मी शाळेचं कारण सांगून कधीच सुटलो होतो. "बरं," म्हणालो.

मंडपात चिठ्ठी दिली. नानांनी पुढची बाजू वाचली, नाव, पद. मग चिठ्ठी उलटी केली. कोरी. माईक चालू होता, त्यातून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता... लोक वाट बघत होते, काही जण आधीच हसायच्या तयारीत. रस्त्याचं सगळ्या गावाला ठाऊक होतं, नानांनाही होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी वहीत धावा लिहीत होतो. खरं तर त्या षटकात एकही धाव झाली नव्हती. "सरपंचांचं स्वागत हाय," नाना म्हणाले, आणि खेळाकडे वळले. नियम त्यांनी मोडला नाही. मीच तो नियम त्यांच्या तोंडावर बांधला होता.

संध्याकाळी माईकचा रुमाल सोडताना एवढंच बोलले, "मास्तर, उद्यापासून पाहुन्यांची चिट्टी नको. एकाला नाय तर कोनालाच नाय." त्यानंतर ते कधी कुठल्या पुढाऱ्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. लोकांना वाटलं नाना थकले, वय झालं. कोणी म्हणालं पाकीट पोचलं असेल. ते त्यांनी ऐकून घेतलं, माझं नाव कुठेही सांगितलं नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे सहा वर्षं आम्ही शेजारी बसून नुसत्या धावा सांगितल्या. पुढारी निवांत येत, चषक देत, नवे शब्द देत आणि जात. आई गेली. दीपक दुसऱ्यांदा सरपंच झाला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मी त्या सुरळीतपणाला कंटाळून गेलो होतो.

शेवटची भेट पनवेलच्या दवाखान्यात. आवाज पार बसला होता. मी सफरचंदं घेऊन गेलेलो, त्यांनी हाताने जवळ बोलावलं आणि विचारलं, "त्यो रस्ता जाला का रं?" मी नकारार्थी मान हलवली. "मंग आमाला कसा नेनार?" म्हणाले आणि हसले. मलाही हसू आलं, त्याची अजून लाज वाटते.

नेलं तसंच, त्याच डबरावरून. पुढचा एक खांदा माझा, शेजारचा दीपकचा. चिखलात दगड सरकत होते, तिरडी डुलत होती. 'काम पूर्ण'चा फलक गंजला होता, पण अक्षरं वाचता येत होती. तिथेच माझा पाय मुरगळला. दीपकने मोकळ्या हाताने माझा दंड धरला. "सांबाल दादा, खड्डा हाय," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. मला राग यायला हवा होता, पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं.

शोकसभेला सगळ्या पक्षांचे लोक आले. सगळेच म्हणाले, नाना परखड होते. ज्यांनी हळदीला बोलावणं बंद केलं, ते म्हणाले घरचा माणूस गेला. दीपकने नानांच्या नावाने मैदानाला कमान बांधायचा शब्द दिला, टाळ्या झाल्या. माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

तेराव्यानंतर काकींनी बोलावलं. नानांच्या खाटेजवळ भिंतीवर एक खिळा आहे, त्याला वाण्याच्या दुकानात असते तशी तार, आणि तारेत पाहुण्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या ओवलेल्या. माझंच अक्षर, वर्षानुवर्षांचं. "ह्या तुमच्याच," काकी म्हणाल्या. सगळ्यात वरची दीपकची. सहा वर्षं तिच्यावर दुसरी चिठ्ठी चढली नव्हती. मी ती उलटी केली. नानांनी मागे काहीतरी लिहून ठेवलं असेल, अशी मला उगाच आशा होती. काही नव्हतं. ते काम माझं होतं, त्यांनी ते माझ्यासाठीच ठेवलं होतं.

येत्या रविवारी सामने सुरू होतायत. प्रमुख पाहुणा दीपकच. माईक मी घ्यावा, असं मंडळाच्या पोरांचं म्हणणं आहे. तिथे ऐन वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटेल, मी स्वतःला ओळखतो. म्हणून आधी इथे वाचतो, वर्तमानपत्राच्या या पुरवणीत, म्हणजे रविवारी मागे फिरायला जागा उरणार नाही. काल शाळा सुटल्यावर पुन्हा एकदा तिथे चालत गेलो, नियमाप्रमाणे. मग घरी येऊन चिठ्ठीची मागची बाजू लिहिली.

दीपक, सरपंच, माझा सख्खा भाऊ. शब्द: स्मशानाचा रस्ता. बिल निघालं. स्वतः जाऊन पाहिला. नाय जाला.